भाटीचा सांधा आणि गाडीचा ब्रेक

आमच्या काजूच्या डोंगरावर जी गाडी चालते, तिचा ब्रेक मी घरी केला. पहिल्याच दिवशी ती थेट कोळमीत जाऊन थांबली, असे लोक सांगतात. थांबली, हे तरी कबूल करतात ना? ब्रेकचे काम थांबवणे. कुठे थांबवणार, ते मी कुणाला लिहून दिले नव्हते.

(कोळमी म्हणजे काय, हे डिचोलीच्या माणसाला विचारू नये, तो हसेल. बाहेरच्यांसाठी सांगतो. कातळात खोदलेली उथळ जागा. तिच्यात काजूची बोंडे टाकून पायांनी तुडवायची आणि रस काढायचा. तो रस पुढे भाटीवर चढतो आणि त्याची दारू उतरते.)

मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीचे मास्तर आणि मी, आमचे पटले नाही. पुढे खाणीवर ट्रकाचा क्लीनर झालो, मग ड्रायव्हर झालो. खाण बंद पडली तेव्हा घरी येऊन बापाची भाटी लावली. भाटीतले मला कोणी शिकवायचे नाही. मडक्याचा आणि नळीचा सांधा मी चिंधी गुंडाळून, वर रोयणीची म्हणजे वारुळाची माती लिंपून बंद करतो. आजवर माझ्या सांध्यातून वाफेचा दोरा बाहेर आलेला नाही. हे आत्ता सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे यावरूनच झाले.

झाले असे की माझ्या बायकोचे, शेवंतीचे, गुडघे गेले. बोंडांची पाटी डोक्यावर घेऊन डोंगर उतरणे तिला जमेना. आमचा मुलगा उमेश मुरगावच्या बंदरात क्रेन दुरुस्तीला असतो. तो रविवारी आला आणि जेवताना म्हणाला, "बाबा, आता पुरे. बाग पुंडलिकमामाला खंडाने लावून देऊ."

पुंडलिक म्हणजे शेवंतीचा धाकटा भाऊ, पेडण्याचा. जन्मभर बस चालवली आणि आता रिकामा. वाईट माणूस नाही. पण माझ्या बापाने लावलेल्या काजूखाली तो उभा राहून मला म्हणणार, "येवा भावजी, बसा," आणि मी पाहुण्यासारखा बसणार! माझा घास तोंडातच फिरायला लागला.

मी म्हटले, "बोंडे डोक्यावरून आणायची नसली तर?"

"मग कशावरून आणणार?"

"गाडीवरून."

"कुठली गाडी?"

"करतो," मी म्हटले, आणि ताक मागितले.

पावसाळाभर मी गाडी केली. सांगाडा जुन्या जीपचा, इंजिन मोडक्या टेम्पोचे, सीट बसची. (सीट पुंडलिकानेच आणून दिली. बाग त्याला मिळणार नाही म्हणून मी गाडी करतोय, हे त्याला ठाऊक होते. तरी दिली. असली माणसे फार त्रास देतात.) डांबरी रस्त्यावर ती न्यायची नव्हतीच. आमच्याच डोंगरात वर जायचे, बोंडे भरायची, खाली यायचे. वर जायला इंजिन लागते, ते होते. खाली यायला ब्रेक लागतो.

जीपचे जुने ब्रेक पाईप गंजून भुगा झाले होते. उमेशने फोंड्याच्या दुकानातून स्टीलच्या पाईपचे वेटोळे आणले, पितळी नट आणले, पाईपचे तोंड फुलवायचे एक हत्यार आणले. सगळे पिशवीत घालून माझ्यासमोर ठेवले.

"बाबा, पाईप हाच घालायचा. मध्ये सांधा नाही. पुढच्या रविवारी मी येतो, मग आपण दोघे मिळून करू."

आपण दोघे मिळून! खाणीच्या चढावर भरलेला ट्रक ज्याने मागे घेतला, त्याला हा पाईप शिकवणार. मी ती पिशवी स्वयंपाकघरामागे खिळ्याला लावली. माझ्याकडे तांब्याची नळी होती, एका मोडक्या फ्रिजमधली. मऊ, लाल, हाताने वळते. भाटीत चालते ती तांब्याचीच नळी. तांबे वाईट असते तर बापाने वापरले असते काय?

फ्रिजची नळी मागच्या चाकापर्यंत पोहोचेना. मग तुकडे जोडले. प्रत्येक जोडावर थोडा मोठा तुकडा चढवून डाख दिला. डाख चांगला बसला. पण हाताला सवय असते. चिंधी गुंडाळली आणि वर रोयणीची माती लिंपली. वाळल्यावर हात फिरवला. असा सांधा डिचोलीत दुसरा कोणी करणार नाही. (हे उमेशही म्हणाला, पण नंतर आणि वेगळ्या सुरात.)

मग नळीतली हवा काढायची होती. ब्रेकच्या तेलात हवा राहिली की पेडल दाबले तरी जोर चाकापर्यंत जात नाही. हे मला ट्रकावरून माहीत होते. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाशी नट सैल करून हवा सोडायची, नट आवळायचा, मगच वरच्याने पाय उचलायचा. माझ्या घरात दुसरे माणूस एकच.

शेवंती बसच्या सीटवर बसली. पदर खोचला. मी गाडीखाली.

"दाब."

"दाबलंय."

"धर."

"धरलंय. अहो, भात उतरूचो आसा."

"भात राहू दे. पाय उचलू नको."

तेवढ्यात पोदेराचा भोंगा वाजला. आमचा पाववाला सकाळी सायकलने येतो आणि वळणावर भोंगा मारतो, आणि या भोंग्यासमोर शेवंतीला नवरा दिसत नाही. मी नट सैल केलेला, तेल बाटलीत येतेय, आणि वरचा पाय गेला. तेल आले होते तसे परत आत, पाठोपाठ हवा आत.

मी खालून ओरडलो, "पाय कुठाय?"

लांबून उत्तर आले, "पोई आणूक गेलंय! उरली नाय तर तुमीच बोंबलतल्यात."

गरम पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, घेऊन ती परत आली, पुन्हा बसली. पण नट तोवर सैलच होता, आणि तेल बरेचसे जमिनीवर गेले होते. डब्यात शिल्लक नव्हते. मी इंजिनाचे थोडे घातले. तेल ते तेल.

ब्रेक लागला. अंगणात लागला, गोठ्यासमोर लागला. मग मी भाटीवर घेतो तशी परीक्षा घेतली. सांध्याशी पाट टाकून बसलो, विडी संपेपर्यंत बघत राहिलो. थेंब नाही. भाटीत यापेक्षा मोठी परीक्षा नसते. रविवारी उमेश आला तेव्हा मी त्याला अंगणात ब्रेक लावून दाखवला, गाडीखाली बघू दिले नाही.

बोंडे पिकायला लागली तेव्हा उमेशने सांगितले, "रविवारी मामाला बोलावतो. त्याच्यासमोर गाडी वरून खाली आणा. नीट आली तर बाग आपली. नाही आली तर मामाची. मग पुन्हा तो विषय नाही."

मी म्हटले, "चालेल."

शेवंती म्हणाली, "मी बसूचंय नाय."

"का?"

"तुमी आधी एकटे उतरा. मगे बघतंय."

शनिवारी तिने मला माळ्यावरच्या गवताच्या पेंढ्या काढायला लावल्या. म्हणाली, कुबट वास येतो, ऊन द्यायला हवे. कुठे टाकू विचारले, तर म्हणाली, खालच्या वळणापाशी टाका, तिथे ऊन चांगले पडते. गोठ्यासमोर ऊन पडत नाही काय? पण वाद घालण्यापेक्षा पेंढ्या वाहणे सोपे. सगळे गवत मी एकट्याने पाठीवरून वाहिले आणि तिने सांगितले तसे एकावर एक रचले.

रविवारी पुंडलिक आला. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तो खाली कोळमीत बोंडे तुडवायला लागला. बाग मिळाली नव्हती, तरी हात, म्हणजे पाय, लावला. त्याआधी त्याने वाकून गाडीच्या खाली एकदा बघितले होते.

"भावजी, पाईपाक खंय लागला बिगला काय?"

"का?"

"नाय, चिंधी बांधलेली दिसता म्हणून इचारलंय."

मी गाडीत चढलो. गाडी वर नेली. पाट्या भरल्या नव्हत्या, म्हणजे गाडी हलकी होती, हे देवाचे उपकार. वरून बघितले तर खाली वळणावर उमेश उभा, त्याच्यापलीकडे गवत, गवतापलीकडे कोळमी, कोळमीत पुंडलिक. शेवंती दारात.

आता माणसाने काय करावे? गियरमध्ये ठेवून हळू उतरावे. पण गियरमध्ये उतरलो असतो तर पुंडलिक म्हणाला असता, गाडी इंजिनाने थांबली, ब्रेकने नाही. म्हणून मी न्यूट्रल केले. हातब्रेक अजून बसवला नव्हता. तो चतुर्थीपर्यंत बसवणार होतो.

पहिल्यांदा पाय ठेवला, गाडी थबकली. मी खाली हात केला. उमेशनेही हात केला. पुढे उतार जास्त होता, तिथे मी पाय नीट दाबला. खालून फिस्स असा आवाज आला आणि पेडल फळीपर्यंत गेले. एकाच वाटेचे जुने ब्रेक ते. एक सांधा सुटला की चारी चाके मोकळी. मी पुन्हा दाबले. पेडल असे खाली गेले, जसे लोण्यात बोट.

मी ओरडलो नाही. फक्त म्हटले, "पुंडल्या, सर."

त्याने मान वर केली. साठी उलटलेला माणूस, पायांना बोंडांचा चिकट रस, पण शेजारच्या काजूच्या झाडावर तो कसा चढला ते आम्हाला अजून कळलेले नाही. उमेश बाजूला झाला. वळण मला घेता आले नाही. गाडी गवतात शिरली. एक पेंढी टपावरून, म्हणजे टप असता तर जिथे असता तिथून, माझ्या तोंडावर आली. पुढचे मला दिसले नाही. दिसले तेव्हा गाडीची पुढची दोन चाके कोळमीत होती, बोंडांच्या ढिगात रुतलेली, आणि माझ्या मांडीवर गवत.

झाडावरून पुंडलिक म्हणाला, "भावजी, माका सुट्टी दिल्यात. टायरांनी चांगला तुडवता."

शेवंती लंगडत आली. आधी माझे डोके चाचपले, मग हात, मग पाय. सगळे जागेवर आहे हे कळल्यावर म्हणाली, "गवत आसा म्हणून वाचल्यात."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिच्याकडे बघितले. ती गवताकडे बघत होती.

म्हणजे त्या दिवशी गाडीला दोन ब्रेक होते. एक मी खाली पडून केला, एक मी पाठीवरून वाहिला. दुसरा लागला.

त्या कोळमीतला रस आम्ही गाळला नाही, गुरांनाही दिला नाही. चाकाचे ग्रीस आणि ब्रेकचे तेल पोटात जाणे बरे नाही. सगळे खड्ड्यात पुरले. आपण तुडवलेली बोंडे पुंडलिकाने आपणच खड्ड्यात लोटली. उमेश गाडीखाली गेला आणि सुटलेला सांधा हातात घेऊन आला. चिंधी, माती, आत फाटलेला डाख.

"बाबा, हे काय?"

"सांधा. भाटीत कधी सुटला नाही."

उमेश खाली बसला. मला वाटले रागावेल. पण तो हळू बोलला, आणि ते जास्त लागले.

"बाबा, भाटीत वाफेला पुढे वाट मोकळी असते. ती निघून जाते. ब्रेकच्या तेलाला पुढे वाट नाही. तुम्ही पाय दाबला की ते कोंडते, आणि सगळा राग सांध्यावर काढते. आणि फ्रिजची तांब्याची नळी गाडी हादरून हादरून कडक होते, मग चिरते. आज डाख सुटला, उद्या नळी फुटली असती." मग म्हणाला, "बाग मामाला लावून देऊ."

मी तोंडात राहिलेले गवत बोटाने काढत बसलो.

शेवंती बोलली. "गाडी परत करा. दोघांनी. आणि तयार झाली की तिच्यात आधी मी बसतलंय. मी बसलेली गाडी थांबली तर बाग आमची. नाय थांबली तर पुंडल्याची."

पुंडलिक म्हणाला, "ताये, नाय थांबली तर बाग घेवन मी काय करू?"

"मगे खाली उभो रवान बघ," ती म्हणाली. "आणि गवत परत रचून ठेव."

स्वयंपाकघरामागची पिशवी खाली आली. सगळी तांब्याची नळी काढली. चाकांशी ब्रेकच्या आत असतात ती रबरे काढली तर फुगलेली, कारण इंजिनाचे तेल त्यांना सोसत नाही. (तेल ते तेल नसते. हे मी एकदाच लिहितो.) नवी घातली. नळी आता स्टीलची, एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत सलग, मध्ये डाख नाही. फाटा फुटतो तिथे पितळी तुकडा, त्याला नट. जिथे चाक वरखाली होते तिथे रबरी नळी. चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून उमेशने बघितले, नळी कुठे घासते काय, ताणते काय. आणि सगळा पाईप सांगाड्याला क्लिपांनी धरलेला, सायलेन्सरपासून दूर.

पाईपचे तोंड फुलवायचे काम मी मागून घेतले. काहीतरी माझे हवे. पाईप सरळ कापायचा, आतबाहेरची धार घासून काढायची, फुंकून साफ करायचा, मग हत्याराने तोंड आधी फुगवायचे आणि मग आत दुमडायचे. काठ दुहेरी होतो. एकेरी काठ चिरतो, दुहेरी बसतो. माझा पहिलाच काठ असा गोल आला, जशी नव्या कोऱ्या टोपाची कड. मी तो सगळ्यांना दाखवला. शेवंतीलाही दाखवला.

तिने तो बघितला आणि बाकावरून काहीतरी उचलले. "आणि ह्यो नट खंय जाता?"

नट पाईपमध्ये आधी ओवायचा असतो. तोंड फुलवल्यावर तो जात नाही. हे जगातल्या कुठल्याही माणसाला कळते, फक्त नट बाकावर असताना कळत नाही. मी तोंड कापले. दुसऱ्या वेळी नट ओवला. उलटा ओवला. मग तेही तोंड कापले. पाईप आखूड होत चालला, आणि उमेश छपराकडे बघायला लागला. तेव्हापासून शेवंतीने नट आपल्या मुठीत ठेवले. मी पाईप हातात घेतला की ती नट पुढे करायची, सरळ बाजूने, देवळात तीर्थ देतात तसा, आणि ओवेपर्यंत माझ्या हाताकडे बघायची.

मग पुन्हा हवा काढायची वेळ आली. उमेश म्हणाला, "आई खाली नटाशी बसेल. बाबा, तुम्ही पेडलवर."

शेवंती चाकाशी स्टूल घेऊन बसली. हातात पाना, पायाशी बाटली. आधी सगळ्यांत लांबचे चाक.

"दाबा," ती म्हणाली.

"दाबले."

"धरा. मी सांगल्याशिवाय उचलू नकात."

उमेश कोरडे वर्तमानपत्र घेऊन प्रत्येक सांध्याला टेकवत फिरत होता. कागदावर डाग पडला तर सांधा ढिला. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, पाठ सीटला लावून पाय रोवला होता. तेवढ्यात वळणावर भोंगा वाजला.

शेवंती हलली नाही. मी पण हललो नाही.

पोदेर अंगणापर्यंत आला. टोपलीवरचे प्लास्टिक उचलून म्हणाला, "मामा, पोई?"

"पाय मोकळा नाही."

"मामीक विचारू?"

खालून आवाज आला, "तिचो हात मोकळो नाय."

पोदेराने थोडा वेळ आमच्याकडे बघितले. एक म्हातारा उभ्या गाडीत बसून जिवाच्या आकांताने ब्रेक मारतोय, एक म्हातारी चाकाला बाटलीने पाजतेय, मुलगा गाडीला वर्तमानपत्र दाखवतोय. तो निघून गेला. त्या दिवशी आम्ही चहा कोरडाच प्यालो. कागदही कोरडा निघाला.

पुढच्या रविवारी शेवंती गाडीत बसली. मांडीवर बोंडांची पाटी. वरून निघताना मला म्हणाली, "गियरात घाला." मी घातले. उताराच्या मध्यावर म्हणाली, "आता दाबा." मी दाबले. गाडी अशी थांबली की पाटीतली दोन बोंडे पुढे उडाली आणि आम्ही जागेवर. खालच्या वळणापर्यंत तिने मला अनेकदा थांबवले, कधी गरज नसताना. गवताच्या अलीकडे शेवटचे थांबवले आणि खाली उतरली.

पुंडलिक या वेळी आधीपासूनच झाडावर होता. तिथूनच त्याने विचारले, "ताये, बाग कोणाची?"

"आमची," ती म्हणाली. "तू उतर आणि बोंडा तुडय."

बाग आमच्याकडेच आहे. पुंडलिक मोसमात येतो, बसतो, आणि "येवा, बसा" त्याला मी म्हणतो. हातब्रेक बसवला, चतुर्थीची वाट न बघता. सकाळी गाडी हलवण्याआधी मी पेडल दाबून धरतो आणि शेवंती प्रत्येक सांध्याला कागद लावते. ब्रेक एकदाही चुकलेला नाही.

वळणावरचे गवत मात्र तिने काढू दिलेले नाही. दर शनिवारी ते उलटून त्याला ऊन द्यायचे काम माझ्याकडे आहे. वास येतो म्हणते.